चौकात जुना माग उभा करायचाय : तडा, गंज आणि ताणा

लालबागकर
मंडळाला गिरणीतला जुना धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) माग मिळालाय. १९८२ च्या गिरणी संपाची आठवण म्हणून फुटपाथवर, उघड्यावरच ठेवायचाय. चौकटीला तडा आहे. वेल्डिंग करून ऑइलपेंट मारला तर किती टिकेल?

बिडाचा_माणूस
दोन पावसाळे धरा. चौकट बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. साध्या वेल्डिंग रॉडने जोडलीत तर जोड धरेल, पण बीड थंड होताना आकसतं आणि शेजारीच नवा तडा जातो. वेल्डिंगच नको. तड्याच्या टोकांना छोटं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग पोलादी पट्टी बोल्टने आवळा. माग चालवायचा थोडाच आहे!

रंगाआधी ब्लास्टिंग (कणांचा मारा करून गंज काढणं), आणि चार तासांच्या आत झिंक इपॉक्सी प्रायमर, ६० मायक्रॉन. त्यावर इपॉक्सी १००, शेवटी पॉलियुरेथेन ५०. शेवटचा हात वाचवलात तर उन्हाने इपॉक्सीची पांढरी भुकटी होते. काम डिसेंबर-जानेवारीत काढा. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की रंगाचे डबे बंद. पाणी साचेल त्या प्रत्येक खोबणीला १० मिमीचं भोक हवंच, गंज तिथूनच धरतो.

साळखातं
ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं काय? सुती धागा पहिल्याच पावसात लोंबेल. त्याऐवजी ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची दीड मिमी तार घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. फणीच्या (धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्याच्या) घराघरातून तार ओवायचा मोह आवरा. २०० तारा, प्रत्येकीला १० किलो ताण, म्हणजे दोन टन! लाकडी बीम (ताणा गुंडाळायचा रूळ) असेल तर वाकलंच समजा. ६० तारा पुरेत, प्रत्येकीला मागे स्प्रिंग. तार लोखंडाला टेकते तिथे नायलॉनची नळी घाला, नाहीतर तार चकचकीत राहील आणि लोखंड गंजेल.

खरा धोटा आत काचेत ठेवा, मागावर ॲल्युमिनियमचा ओतीव नकली धोटा बोल्टने बसवा. उघड्यावर खरा राहत नाही.

शेजारी बाईचा पुतळा करणार असाल तर तिला मागावर उभी करू नका. गिरणीत बायका मुख्यतः वाइंडिंग-रीलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत होत्या. आणि चरखा तर नकोच नको, तो गिरणीतला नव्हे.

गल्लीतला_वकील
आधी फुटपाथ विसरा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला रस्ते-फुटपाथवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नका, असं राज्यांना बजावलंय. (१९८२ चा संपही १८ जानेवारीचाच.) माग पुतळा नसला तरी चौथरा बांधकामच. सोसायटीची मोकळी जागा बघा.

लालबागकर
सोसायटीत विचारतो. तडा सहा इंची आहे, पट्टी केवढी?

बिडाचा_माणूस
१० मिमी जाड, तड्याच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी पुढे जाईल एवढी. १२ मिमीचे बोल्ट, प्रत्येक बाजूला दोन. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, बीड तडकतं.