डबल्ड हॅप्लॉइडला मराठीत काय म्हणायचं?

दापोलीकर: भाचीच्या अ‍ॅग्रीच्या नोट्स मराठीत करून देतोय, शुगर बीटच्या ब्रीडिंगचा धडा आहे. हॅप्लॉइड म्हणजे एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच), डिप्लॉइड म्हणजे द्विगुणित (दोन संच), इथवर ठीक. पण मग डबल्ड हॅप्लॉइड पण द्विगुणितच झालं ना? शेवटी गुणसूत्रं १८च.

शिरोड्याची माय: १८ असली तरी फरक आहे हो. साध्या बीटात ९ आईची, ९ बापाची. इथे फलन न झालेलं बीजांड कळीतून काढून लॅबमधल्या पोषक माध्यमावर वाढवतात, त्यातून येणाऱ्या रोपात फक्त ९, ते वांझच राहणार, मग कोल्चिसिन हे रसायन द्यायचं म्हणजे गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी काही दुभंगत नाही, म्हणजे त्याच ९ची दुसरी झेरॉक्स. 'द्विगुणीकृत एकगुणित' लिहा.

दापोलीकर: हे वर्गात वाचताना मास्तरांची कवळी पडेल. आणि एवढा खटाटोप कशाला? आणि बीजांडच का, धोतऱ्यात गुहा-माहेश्वरी या शास्त्रज्ञांनी १९६४ला परागकोशातूनच एकगुणित रोपं काढली होती की, भातातही तसंच करतात.

शिरोड्याची माय: बीटात परागकोश दाद देत नाही. आणि खटाटोप अशासाठी की बीटाला फुलायला थंडी लागते, बी दुसऱ्या वर्षी, त्यात बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने बी धरतच नाहीत. सहा-सात पिढ्या स्वपरागण करून शुद्ध लाइन (म्हणजे पिढ्यानपिढ्या तशीच्या तशी उतरणारी) काढायची तर ब्रीडरचे केस पिकतील, डीएचमध्ये, म्हणजे डबल्ड हॅप्लॉइडमध्ये, ती एका पिढीत मिळते.

मालवणी खाजा: ह्यां बरां सांगितलांत! तां कोल्चिसिन आपल्या कळलावीतसुद्धा असता, गणपतीत कुंपणावर लालपिवळी फुलतं तीच. कंद भयंकर विषारी, पोरांका लांब ठेवा. बाकी शब्द म्हणाल तर 'दुणावलेलं एकगुणित' का नको? आनंद दुणावतो तसाच.

दापोलीकर: आवडला, पण पुस्तकी भाषेत बसेल का?

शिरोड्याची माय: बसवायचा. उलट माझ्या शब्दापेक्षा हाच बरोबर. '-कृत' म्हटलं की कोणीतरी केलं असं होतं, पण काही रोपं औषध न देता आपोआप दुप्पट होतात, बार्लीत तर बरीच. 'दुणावलेलं'मध्ये दोन्ही मावतात.

दापोलीकर: मग पहिल्यांदा येईल तिथे 'दुणावलेलं एकगुणित', आणि पुढे सगळीकडे 'डीएच', लॅबमध्ये तेच म्हणतात.