मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन, वेगळं केलेलं पीक परत दोन का होतं?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: सालीतून प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन (तुरट द्रव्य) वेगळं काढायचं. पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचाय आणि मी एकाच जागी अडकलेय.

सोलापुरात राहते, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही. कोपऱ्यावरचा ज्यूस सेंटरवाला भगवा जातीच्या डाळिंबांच्या साली पिशवी भरून फुकट देतो. (दर वेळी विचारतो, "खोकल्याला का गं?") पहिली खेप आईच्या विळीवर चिरली, तर साली शाईसारख्या काळ्या पडल्या. टॅनिन आणि लोखंड! परीक्षेत लिहिलेलं उत्तर, पण विळी हातात असताना आठवलं नाही. दुसऱ्या वेळी स्टीलची सुरी घेतली, सावलीत वाळवलं आणि मिक्सरमधून काढलं.

१०० ग्रॅम पूड साध्या पाण्यात रात्रभर ढवळली. आधी फडक्यातून, मग फिल्टर पेपरमधून गाळली (पेपर सारखा तुंबतो, काही उपाय?). ते पाणी अँबरलाइट एक्सएडी-१६ च्या (टॅनिन धरून ठेवणारं रेझिन) कॉलमवर सोडलं. साखर धुऊन जावी म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) शून्य येईपर्यंत पाणी, आणि नंतर मिथेनॉल. मिथेनॉल उतरायला लागलं की गडद पिवळा पट्टा हळूहळू खाली सरकतो, ते बघत बसायला मला फार आवडतं. मग रोटरी इव्हॅपोरेटरवर ६० अंशांना मिथेनॉल उडवलं. सेफाडेक्स एलएच-२० (आणखी शुद्ध करायचं कॉलमचं जेल) आमच्या बजेटबाहेर आहे.

आता अडचण. एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र), ३७८ नॅनोमीटरला, दोन मोठी पीकं येतात (आलेखातले उंचवटे, शेतातली नव्हेत). दुसरं तेवढं बाटलीत गोळा केलं आणि दुसऱ्या दिवशी परत इंजेक्ट केलं, तर पुन्हा दोन! तीनदा केलं, तेच. सर म्हणतात कॉलम ओव्हरलोड झालाय, म्हणजे नमुना जास्त झालाय. शिवाय फ्लास्कच्या तळाशी फिकट, राखाडी पूड बसते, ती पाण्यात विरघळतच नाही. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद:

पीकांच्या बाबतीत काहीच चुकत नाहीये. प्युनिकॅलॅजिनच्या गाभ्यातल्या ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा असतो, त्यामुळे ते कडं उघडतं, मिटतं आणि अल्फा-बीटा ही दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात. तुम्ही एक बाजूला काढलंत, रात्रीत त्यातलं काही दुसऱ्यात गेलं. दोन्हींचे यूव्ही आलेख एकावर एक ठेवून बघा. मास स्पेक्ट्रम (रेणूचं वस्तुमान दाखवणारा आलेख) मिळाला तर निगेटिव्ह मोडमध्ये दोघांनाही १०८३ दिसेल. रिपोर्टमध्ये दोन्हींच्या क्षेत्रफळांची बेरीज द्या.

राखाडी पूड मात्र बहुतेक तुमच्याच हातची आहे. ६० अंश फार झाले. प्युनिकॅलॅजिन तुटलं की एलॅजिक आम्ल सुटतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाथ ४० च्या वर नेऊ नका, व्हॅक्यूम वाढवा. पूड थोड्या मिथेनॉलमध्ये घेऊन इंजेक्ट करा: पीक उशिरा आलं आणि प्रकाशाचं शोषण २५४ व ३६७ नॅनोमीटरच्या आसपास दिसलं तर ते एलॅजिक आम्लच. अल्कलीपासूनही लांब ठेवा. पेपर तुंबतो तो सालीतल्या पेक्टिनमुळे, आधी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी तेवढं गाळा.

धागाकर्ती:

आलेख ठेवले एकावर एक, एकच रेघ दिसतेय! पुडीचं पीकही उशिरा आलं, ३६७ ला. नवीन खेप ३८ अंशांवर लावलीये, फ्लास्क अजून तरी स्वच्छ आहे. ६० अंश कुणी सांगितले होते ते इथे लिहीत नाही, सरही हा धागा वाचतात.