मदत हवी आहे: जुलैचे सॅटेलाईट फोटो पांढरेच येतात, शेतातलं पाणी दाखवायचं आहे

बांधावरचा:
दोन दिवस डोकं धरून बसलोय. मे महिन्याचे फोटो स्वच्छ दिसतात, डिसेंबरचे दिसतात, आणि मला पाहिजेत ते जुलै-ऑगस्टचे एक तर यादीत येतच नाहीत, आले तर सगळं पांढरं. शेत पाण्याखाली होतं एवढंच दाखवायचं आहे. सोमवारी अर्ज द्यायचाय. कुठून काढायचे तेवढं लगेच सांगा.

खानापूरकर:
कुठले फोटो? गूगल अर्थ, इस्रोचं भुवन की युरोपचे सेंटिनेल उपग्रह? गाव कुठलं, साल कुठलं, पीक काय? अर्ज कशाचा?

रानवाट:
ग्लोबल फॉरेस्ट वॉच वापरा, फुकट आहे. २००१ पासून कुठल्या वर्षी कुठली झाडी गेली ते ३० मीटरच्या चौकोनात दिसतं. मी कणकुंबी-जांबोटीकडचा भाग त्यावर नेहमी बघते. फक्त एक सांभाळा, जंगल कुठलं आणि लावलेली बाग कुठली हे त्याला कळत नाही. कुणी काजूची जुनी बाग काढली तरी जंगलतोडीसारखाच ठिपका येतो. म्हणून भीमगड अभयारण्याच्या कडेला ठिपका दिसला की मी आधी जाऊन बघते, मग बोलते.

खानापूरकर:
ताई, त्यांना पाणी दाखवायचं आहे, झाडी नाही.

घटप्रभाकाठ:
ड्रोन लावा. आमच्याकडं उसावर फवारणीला येतात, ती पोरं फोटो पण काढून देतात. सॅटेलाईटच्या नादाला लागू नका, एवढ्या वरून तुमचा बांध दिसायचा नाही.

बांधावरचा:
ड्रोन आता उडवून काय उपयोग, पाणी २०२४ च्या जुलैतलं आहे. कोपर्निकस ब्राउझरवर, म्हणजे युरोपच्या उपग्रहांचे फोटो दाखवणाऱ्या साईटवर, सेंटिनेल-२ बघतोय. बेळगावचं वडगाव शिवार, बळ्ळारी नाल्याच्या काठाला. बासमती भात, २२ गुंठे. नाला फुगला की पाणी आठ-दहा दिवस हलत नाही. पंचनाम्याला माणूस आला तोवर पाणी उतरलं होतं, 'पाणी आढळले नाही' असं लिहून गेला. कागद कन्नडात, वडिलांना वाचता येत नाही, त्यांनी सही करून दिली. ते प्रकरण परत उघडायला अर्ज करतोय.

नकाशावाला:
हे आधी सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता. सेंटिनेल-२ साधा कॅमेराच समजा. खालून परतलेला सूर्यप्रकाश टिपतो, मध्ये ढग आला की ढगाचाच फोटो. घाटाला लागून असलेल्या आपल्या भागात जून ते सप्टेंबर हीच रड, आणि उष्ण कटिबंधातल्या सगळ्याच देशांची हीच रड. ब्राझील १९८८ पासून ॲमेझॉनची जंगलतोड उपग्रहावरून मोजतं, पण वर्षाचा हिशेब कोरड्या महिन्यांतल्या फोटोंवर करतं. तोडलेलं रान कोरड्या महिन्यातही दिसतं. तुमचं पाणी तोवर थांबत नाही.

तुम्हाला रडार पाहिजे, म्हणजे सेंटिनेल-१. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग असो, रात्र असो, फरक पडत नाही. संथ पाण्यावरून लहरी आरशावरून गेल्यासारख्या पलीकडं निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. त्याच ब्राउझरवर आहे, व्हीव्ही (लहर उभी सोडून उभीच मोजलेली) निवडा. अडचण तारखांची आहे. सेंटिनेल-१ चे उपग्रह १ए, १बी, १सी असे आहेत. १बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये वर गेला. तुमच्या जुलैत एकटा १ए होता, त्याच मार्गावरून परत यायला त्याला १२ दिवस लागतात. पाणी आठ दिवसच असेल तर ते दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेलेलं असू शकतं. पहिल्यांदा तारखा बघा.

निपाणीकर:
नकाशावाले, तुमचं पटत नाही. भात आहे ते. रोपलावणीला चिखल करून पाणी कोंडतातच, ते पण रडारवर काळंच दिसणार. समोरचा म्हणेल, भाताला पाणी असतंच की, नुकसान कुठं आहे? कार्यालयात हा पहिला प्रश्न येईल.

नकाशावाला:
बरोबर आहे, मी घाई केली. बांधावरचे, रोपलावण केली होती का?

बांधावरचा:
नाही हो. आमच्या शिवारात धूळवाफ पेरणी. मेअखेरीला कोरड्यात पेरतो. जुलैत भात वीतभर वर आलेलं असतं. तेच बुडून कुजलं. नंतर दुबार पेरणी केली ती पण हाताला लागली नाही.

निपाणीकर:
मग तुमची बाजू भक्कम आहे. अर्जात पहिली ओळ हीच लिहा.

नकाशावाला:
होय. धूळवाफेच्या शिवारात जुलैमध्ये अख्खा पट्टा काळा येणं हे नेहमीचं नव्हे. एक मात्र ध्यानात ठेवा. भाताचे शेंडे पाण्यावर राहिले असतील तर लहर पाण्यावर आपटून ताटांवरून परत येते, तिथं उलट उजळ दिसतं. उजळ म्हणजे कोरडं असं समजू नका. व्हीएच (उभी सोडून आडवी मोजलेली लहर) पण बघा, पीक वाढेल तसं ते उजळत जातं. तुमच्याकडं ते वाढायचं सोडून पडलेलं दिसलं तर तो दुसरा पुरावा.

खानापूरकर:
सेंटिनेल-२ ला ढगाची मर्यादा किती टक्के ठेवलीय?

बांधावरचा:
१० टक्के.

खानापूरकर:
तिथंच घोटाळा आहे. ते टक्के तुमच्या शेतावरचे नाहीत, सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद अख्ख्या तुकड्यावरचे आहेत. घाटावर ढग साचले की तुकडा ८० टक्के झाकला जातो, पण वडगाववर उघडीप असू शकते. मर्यादा १०० करा आणि एकेक तारीख डोळ्यांनी बघा.

जुना_मास्तर:
भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ ला गेला तेव्हा मी कॉलेजात शिकवत होतो. त्याचा एक चौकोन ७२.५ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ५२ गुंठे. या मुलाचं सगळं शेत अर्ध्या ठिपक्यात गेलं असतं. आज सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, जवळपास एक गुंठा. घरी बसून फुकटात एका गुंठ्याचा हिशेब मिळतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

नकाशावाला:
सर, रडारला तेवढं धरता येत नाही. ठिपका १० मीटरचा दाखवतात, प्रत्यक्षात बारकावा २० मीटरच्या आसपासच, शिवाय फोटोवर मीठ सांडल्यासारखी खरखर. २२ गुंठ्यांवर एकट्यानं बोट ठेवलं तर कुणीही खोडून काढेल. नाल्याकाठचा सगळा पट्टा दाखवा.

शहापूर_पेठ:
अर्ज कन्नडात दिला तरच पुढं सरकतो. मराठीत दिलात तर टेबलावर पडून राहील.

खानापूरकर:
का पडून राहील? मराठीत लिहा, खाली कन्नड भाषांतर जोडा आणि पोच घ्या. वडिलांनी न वाचता सही केली म्हणूनच ही वेळ आली ना?

संपादक:
भाषेवर वेगळा धागा काढा. इथं पाण्याचंच बोला.

बांधावरचा:
मर्यादा १०० केली. एका तारखेला ढगात फट आहे आणि नाल्याची बाजू दिसते, पण पाणी दिसत नाही, हिरवंगार दिसतं. रडारच्या दोन तारखा मिळाल्या. पहिलीत पट्टा करडा, १२ दिवसांनंतरच्या दुसरीत नाल्यापासून आमच्या बांधापर्यंत काळा. बघून अंगावर काटा आला. ते दिवस आठवले.

रानवाट:
हिरवं दिसतं ते केंदाळ (जलपर्णी) असेल. नाल्यात ते माजलंय. वरून बघताना पाण्यावर पानांची चादर, त्यामुळं फोटोच्या रंगांवरून पाणी ओळखणारा निर्देशांक फसतो आणि हिरवाईचा वर जातो. तो फोटो टाकू नका म्हणत नाही, उलट टाका. नाला कशानं तुंबला ते त्यात दिसतंय.

नकाशावाला:
ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रडारच्या त्या दोन्ही तारखांच्या शेजारी मे महिन्याची तारीख लावा. नांगरलेलं रान खडबडीत असतं, ते उजळ येतं. तिन्ही एकाच मापात, एकाच रंगपट्टीत. खाली उपग्रहाचं नाव, तारीख, वेळ लिहा. आणि 'नुकसान' हा शब्द फोटोखाली लिहू नका. फोटो पाणी दाखवतो. नुकसान तुमचा उतारा, बियाण्याची पावती आणि शेजाऱ्यांची साक्ष दाखवेल.

घटप्रभाकाठ:
पुढच्या पावसाळ्यात तरी पाणी चढल्या दिवशीच मोबाईलवर जागेची खूण चालू करून फोटो काढा. मी अजून ड्रोनवरच आहे.

बांधावरचा:
काढतो. सर्व्हे नंबरची हद्द या फोटोवर कशी आणायची?

खानापूरकर:
कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर शेतात उभं राहिलात की सर्व्हे नंबर दिसतो. चारही कोपऱ्यांवर जाऊन अक्षांश-रेखांश टिपा आणि ब्राउझरवर तेच टाका. काठाच्या बाकीच्यांचेही घ्या, अर्ज सगळ्यांचा मिळून करा.

बांधावरचा:
सकाळपासून फिरतोय, नऊ जणांनी उतारे दिले. दोघं म्हणाले काही होणार नाही, त्यांच्याकडं संध्याकाळी वडिलांना घेऊन परत जातो. रविवारी शहापुरात रंगीत प्रिंट कुठं मिळेल?

शहापूर_पेठ:
फाईल पाठवा, माझ्या दुकानात मशीन आहे. सकाळी दहाला या, उतारे घेऊन या, झेरॉक्सही करून देतो.