नवं पोर्टेबल घर पहिल्याच पावसात गळतंय, कंपनी म्हणते "साइटचा दोष". काय करावं?

चिरेबंदी_नाही

दापोली तालुक्यात आमच्या जागेवर मार्चमध्ये पोर्टेबल घर बसवलं. ३० × १० फुटांचे दोन भाग ट्रेलरवरून आले. क्रेननं उचलून काँक्रीटच्या १२ ठोकळ्यांवर (चारचार ठोकळ्यांच्या तीन रांगा) ठेवले आणि मधोमध बोल्टनं जोडले. एमएसचा (साध्या पोलादाचा) सांगाडा, भिंती आणि छताला पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं), कोटेशनमध्ये जाडी ५० मिमी. खाली 'मरीन प्लाय', वर व्हिनाइल. किंमत ११ लाख ४० हजार, पैकी १० लाख २० हजार दिलेत. वॉरंटी एक वर्षाची.

आता तक्रारी. दोन भागांच्या सांध्यातून हॉलमध्ये ठिबकतं. बाथरूमचं दार घासतं, कडी लागत नाही. बाथरूमबाहेर पाय दिला की जमीन दबते. एसी लावला की छताला थेंब धरतात. भर पावसात बाहेरच्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात.

कंपनीचं म्हणणं, "तुमचा भराव खचलाय. सिलिकॉनच्या दोन ट्यूब पाठवतो, मारून घ्या." उरलेले पैसे मिळाल्याशिवाय माणूस पाठवणार नाहीत. यात कंपनीचं किती आणि आमचं किती? रेराकडे (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे) जाता येईल का?

फेज_न्यूट्रल

बाकी सगळं राहू द्या, आधी झिणझिण्यांचं बघा. मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमन येईपर्यंत चालू करू नका. पत्र्याच्या घरात ओल्या भिंतीला करंट लागणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

वायरमनकडून हे करून घ्या: एसी, फ्रिज, एलईडी सगळं सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) फेज ते बॉडी (घराचा पत्रा-सांगाडा) आणि न्यूट्रल ते बॉडी इन्सुलेशन मोजायचं. एका मेगाओमच्या खाली आकडा आला की गळती आहे, मग एकेक सर्किट वेगळं काढून शोधायचं. अशा घरांत दोष बहुतेक तीन जागी सापडतो. पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (कडेचं रबरी कडं) न घालता वायर ओढलेली असते आणि कडेनं ती सोलते. छताचा स्क्रू वायरमध्ये घुसलेला असतो. नाहीतर एका भागातून दुसऱ्या भागात जाणारी जोडणी सांध्यातच असते आणि तिथं पाणी शिरतं. तुमचा सांधा गळतोय, त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करीन.

दुसरं म्हणजे दोन्ही भागांची अर्थिंग. बोल्टनं जोडलंय म्हणून बॉडी एक झाली असं नसतं, मध्ये रंगाचा थर असतो. मीटर लावून बघा, दोन्ही बॉडींमध्ये एक ओमपेक्षा जास्त दाखवला तर रंग खरवडून दोन्ही बॉडी जोडणारा तांब्याच्या पट्टीचा जंपर लागेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का तेही पाहा. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणून अर्थिंग चांगली आहे असं समजू नका, ते बटण अर्थवायरशिवायही चालतं. वायरमनचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या, पुढं उपयोगी पडेल.

वेल्डिंगचा_धूर

भराव खचला की कंपनीनं चुकीचं बसवलं, हे तोंडानं भांडून ठरणार नाही, लेव्हल घेऊन ठरेल. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, आत बुडबुडा राहू देऊ नका आणि बाराही ठोकळ्यांवर चासीची (खालच्या लोखंडी चौकटीची) उंची मोजून कागदावर मांडा. दहा फुटांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे खचलंय. मग कोणती रांग खचलीय ते पाहायचं.

माझा अंदाज मधल्या रांगेवर आहे. तुमच्या मांडणीत मधले चार ठोकळे दोन्ही भागांचं वजन घेतात, म्हणजे कडेच्या ठोकळ्यांच्या साधारण दुप्पट. कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये बाराही ठोकळे एकाच मापाचे असतील तर मधली रांग जास्त खचणारच. दोन्ही भाग आतल्या बाजूला कलतात, छताचं पाणी कडेला जायचं सोडून सांध्यावर येऊन साचतं, आणि चौकटी तिरक्या होऊन दार घासतं. बाथरूमच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट मुरगळलीय. हे सगळं जुळलं तर दोष ड्रॉइंगचा आहे. उलट एकाच कोपऱ्यातले ठोकळे खचले असतील आणि तिथं तुम्ही मुरमाचा सैल भराव टाकला असेल, तर तो खर्च तुमच्याकडे येतो.

लेव्हल दुरुस्त करताना आधी ड्रेनेज आणि पाण्याचे पाइप सोडवायचे, मधले बोल्ट सैल करायचे, मग बॉटल जॅकनं एका वेळी ३-४ मिमी उचलून एमएसच्या प्लेटा सरकवायच्या. लाकडाचे किंवा फरशीचे तुकडे घालू देऊ नका. कंपनीची माणसं सर्रास घालतात.

सिलिकॉनच्या ट्यूब परत पाठवा. ३० फूट पत्रा, उन्हापावसात ३० अंशांचा फरक धरला, तरी लांबीत तीनेक मिलिमीटर हलतो. नुसत्या सिलिकॉनची रेघ दोन पावसाळेसुद्धा तग धरत नाही. त्यातून व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर ते जस्ताचा थर खातं. सांध्यावर पूर्ण लांबीची रिज कॅप (सांधा झाकणारी पत्र्याची टोपी) हवी. दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी पत्रा झाकला पाहिजे, खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि ईपीडीएम (रबरी) वॉशरचे स्क्रू, तेही पन्हळीच्या माथ्यावर, खोलगटात नव्हे. कोकणातल्या पावसाला मी तर वरून वेगळी पत्र्याची शेडच सुचवीन, पण ती कंपनीकडून फुकट मागता येणार नाही.

दबणारी जमीन खालून बघा. प्लायवर शिक्का असतो. आयएस (भारतीय मानक) ७१० असेल तर मरीन, आयएस ३०३ असेल तर साधा. कोटेशनमध्ये मरीन आणि खाली ३०३ निघाला तर वाद तिथंच संपतो. पाणी कुठून येतं ते पाहायला बाथरूमची जाळी बंद करून ५० मिमी पाणी भरा आणि २४ तास ठेवा.

एसीचे थेंब हा बऱ्याचदा दोष नसतोच. सांध्यातून आलेली दमट हवा थंड पत्र्यावर धरते. मात्र एखादा स्विचबॉक्स काढून पफची जाडी मोजून ठेवा. ५० सांगून ३० घातलेलं आढळतं.

तारीख_पे_तारीख

रेराचा इथं संबंध नाही. तिथलं पाच वर्षांचं दोषदायित्व नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रवर्तकावर असतं. तुम्ही स्वतःच्या जागेवर वस्तू विकत घेतलीय, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो.

फोन बंद करा, सगळं लेखी. प्रत्येक दोष, तारीख, फोटो, लेव्हलचा तक्ता आणि वायरमनचा रिपोर्ट ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. उरलेल्या १ लाख २० हजारांबद्दल गप्प बसू नका. अमुक दुरुस्त्या होईपर्यंत रक्कम रोखली आहे, झाल्या की लगेच देऊ, असं त्याच पत्रात लिहा. नाहीतर पैसे बुडवायला तक्रारी काढल्या असं कंपनी म्हणते.

उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बऱ्याच कंपन्या तिथंच नरमतात. मग जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथंच दावा चालतो, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्याला शुल्क ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला कलम ३८ नं दिलाय, तरी आपला सिव्हिल इंजिनिअरचा अहवाल जोडाच.

एक विचारतो. हे घर पर्यटकांना भाड्यानं द्यायचंय का? बिल जीएसटी नंबरवर घेतलंय का? तसं असेल तर "व्यापारी हेतू, म्हणून हे ग्राहकच नाहीत" हा कंपनीचा पहिला बचाव असेल. स्वयंरोजगारानं उपजीविका चालवण्यासाठी घेतलं असेल तर सूट आहे, पण ती सिद्ध करावी लागते.

चिरेबंदी_नाही

बिल वैयक्तिक नावानं आहे, राहायलाच घेतलंय. मेन बंद केला. एक अडचण आहे. ताबा घेताना "सर्व काम समाधानकारक" या कागदावर सही केलीय.

तारीख_पे_तारीख

मार्चमध्ये पाऊस नव्हता, त्यामुळे गळती तेव्हा कळणं शक्यच नव्हतं. अशा छुप्या दोषांना ती सही आड येत नाही. ओरखडे, पोचा, रंगाचे डाग असं तेव्हा डोळ्यांना दिसणारं काही मागू नका, तक्रार हलकी होते.

वेल्डिंगचा_धूर

आणि कंपनीचा माणूस आलाच तर आधी त्याच्यासमोर पाण्याची टेस्ट घ्या. कोरड्या दिवशी नळी लावा, सांध्याच्या खालच्या टोकापासून वर सरकत, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं, आत एक जण मोबाइलवर शूटिंग करत. त्यानंतरच त्याला हात लावू द्या. एकदा वर सिलिकॉन फासलं की मूळ पाणी कुठून येत होतं ते सापडत नाही.