चर्च सोडल्याशिवायही प्रेमकथा खरी असू शकते

प्रेमकथांवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, की कॅथलिक घरातल्या मुलीने चर्च सोडलं तरच दोन बायकांची प्रेमकथा प्रामाणिक ठरते. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या खानापूर-बेळगाव भागात चर्च म्हणजे फक्त रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) नसते. घरातली कोकणी रोझरी (मणी मोजत म्हणायची मारियामातेची प्रार्थना), सणाला येणारे गोव्याचे पाहुणे, लग्नाची स्थळं, सगळं त्याच्याशी बांधलेलं असतं. नायिका बंगळूरची गाडी पकडते आणि एका प्रकरणात मोकळी होते, हे वाचताना खोटं वाटतं.

खरा पेच पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे एकांतात पापं कबूल करण्यात आहे. क्षमा मिळायला पश्चात्ताप हवा, आणि मैत्रिणीवर प्रेम केल्याचा नायिकेला पश्चात्तापच होत नाही. मग रांगेत उभं राहायचं की नाही? (फादर ऐकलेलं आईला जाऊन सांगतात, असा प्रसंग कृपया लिहू नका. ते गुपित फोडणारा धर्मगुरू चर्चमधून बहिष्कृत होतो.) १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २३५७ समलिंगी संबंध अमान्य करतो आणि लगेच २३५८ म्हणतो, अशा व्यक्तींना आदराने, करुणेने स्वीकारा. या दोन परिच्छेदांच्या मध्ये तिची अख्खी कादंबरी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक काढला, पण स्वयंपाकघरातला धाक निकालाने जात नाही.

मला रोझरीही म्हणणारी आणि मैत्रिणीलाही न सोडणारी नायिका हवी आहे. मराठीत कुणी लिहिली असेल तर जरूर सांगा.