कायदा-सुव्यवस्था आणि विकास : विरोधकांची टीका कोल्हापुरात किती खरी ठरते?

चर्चेचा प्रस्ताव (राजारामपुरी, कोल्हापूर)

महाविकास आघाडी महायुती सरकारवर सातत्याने दोन आरोप करत आली आहे. राज्यातील कायदा-सुव्यवस्था ढासळली आहे, हा पहिला. आणि विकासाच्या नावाखाली लोकांना नको असलेले प्रकल्प रेटले जात आहेत, हा दुसरा. मुंबईतील पत्रकार परिषदांवरून मत बनवण्यापेक्षा हे आरोप आपल्या जिल्ह्यातील घटनांवर तपासावेत, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे. माझ्या मते टीका मुळात खरी आहे.

७ जून २०२३ चा दिवस आठवा. आक्षेपार्ह स्टेटसवरून आदल्या दिवसापासून शहर तापले होते, बंदची हाक उघडपणे दिली गेली होती आणि शिवाजी चौकात जमाव जमणार हे सर्वांना ठाऊक होते. तरीही दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फोडावी लागली आणि जिल्ह्याचे इंटरनेट बंद करावे लागले. त्यातून काही धडा घेतला गेला असता, तर १४ जुलै २०२४ रोजी गजापूर घडले नसते. विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या त्या आंदोलनाची तारीख आधीच जाहीर झाली होती. गड काही किलोमीटर पुढे असताना वाटेवरच्या गजापूर गावातील वस्तीत शिरून घरांची आणि मशिदीची तोडफोड करण्यात आली. राजर्षी शाहूंच्या जिल्ह्यात कुटुंबांना जीव मुठीत धरून पळावे लागते, याची जबाबदारी गृहखात्याने घ्यायची नाही तर कोणी घ्यायची?

उत्तर : महाद्वार रोडवरील एक व्यापारी

आपण सांगितलेल्या दोन्ही घटना निषेधार्ह आहेत. त्या जूनमध्ये माझेही चपलांचे दुकान बंद होते. दुकान उघडल्यावरही नेट नसल्याने गिऱ्हाईक फोनवरून पैसे देऊ शकत नव्हते आणि कारागिरांचे पैसे अडकले. तरीही यावरून सरकार नालायक आहे, असा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण परिस्थिती लवकर आटोक्यात आणली गेली.

शिवाय विरोधकांनी स्वतःचा कारभारही पाहावा. ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात गृहखाते आघाडीकडे होते, पण त्यांच्या खुनाचा खटला त्या काळातही रखडलेलाच राहिला. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपून प्रशासक आला, तोही आघाडीच्याच काळात. याउलट मार्च २०२४ मध्ये विमानतळाचे नवे टर्मिनल झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे इथेच सुनावणी घेणारे खंडपीठ, सुरू झाले. २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्यातील दहापैकी नऊ जागा लोकांनी महायुतीला दिल्या, हा कौल आपण विचारातच घेणार नाही का?

उत्तर : एक वकील

सर्किट बेंचपुरते स्पष्ट करतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार यांचा हा चार दशकांचा लढा होता, आणि राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ नुसार असा निर्णय मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने घेतात. सरकारने सहकार्य केले, हे खरे. पण सारे श्रेय सरकारचे नव्हे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचेही तसेच आहे. मंजुरी एका सरकारची आणि २०२३ च्या दिवाळीत शहरात पाणी पोहोचले तेव्हा सत्ता दुसऱ्याची. म्हणूनच ‘विकास झालाच नाही’ असे विरोधकांनी सरसकट म्हटले, तर तेही मला पटत नाही.

उत्तर : शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी

व्यापारीबंधूंनी विधानसभेच्या जागांचा दाखला दिला आहे, तेव्हा तारखा पाहाव्यात. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध आम्ही २०२४ मध्ये मोर्चे काढले. लोकसभेला त्याचा फटका बसला, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गाला मंजुरी देऊन भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेची तरतूद केली. महामार्ग रद्द झाला या समजुतीने दिलेले मत महामार्गाला दिलेली संमती कशी ठरते?

आमचा विरोध केवळ जमीन जाते म्हणून नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. रस्त्याचा भराव आडवा आला की पाण्याला फुगवटा येतो आणि दोन दिवसांत ओसरणारा पूर आठवडाभर उसात उभा राहतो. शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला की तो ऊस कुजतो, वरून हिरवा दिसला तरी हाती काही लागत नाही. पूररेषेत आणखी एक भराव टाकणे हा आमच्या दृष्टीने सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि विरोधकांनी तो विधिमंडळात लावून धरला तर त्याला मी राजकारण म्हणणार नाही.

उत्तर : महाद्वार रोडवरील व्यापारी

तारखांचा आपला मुद्दा रास्त आहे आणि सरकारने त्याचे उत्तर द्यायला हवे. पण रस्ते, रेल्वे नसतील तर इथला माल बाहेर जाणार कसा, हेही विरोधकांनी सांगावे. नुसता नकार हे धोरण होऊ शकत नाही.

उत्तर : प्रस्तावक

पानसरे खटल्याबद्दल आघाडीलाही जाब विचारला पाहिजे, यावर दुमत नाही; मात्र त्यामुळे गजापूरची जबाबदारी कमी होत नाही. नकारापलीकडे काय, याचे उत्तर आपल्याकडे आहे. कोकणला जोडणारा १०७ किलोमीटरचा कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला आणि अजून उभा राहिलेला नाही. त्याची मागणी वर्षानुवर्षे होत आहे. शिरोलीजवळचा भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करावा, हीदेखील जुनी मागणी आहे. विरोधकांनी पुढच्या अधिवेशनात या दोन कामांची मुदत सरकारकडून लेखी मागावी आणि गजापूरच्या पंचनाम्यांचे, भरपाईचे आणि गुन्ह्यांचे पुढे काय झाले, हे त्याच दिवशी विचारावे.