प्रोजेक्टर बंद पडला की मास्तरही बंद? एका फॉरवर्डला उत्तर

पाठ_नंबर_अकरा

परवापासून घरच्या, कॉलेजच्या आणि मावशीच्या भिशीच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. कुणा निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलेली. सार असं की हल्लीच्या बी.एड.वाल्यांना फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नाही, प्रोजेक्टर बंद पडला की मास्तरही बंद पडतो, आणि आम्ही एका खडूवर पिढ्या घडवल्या. खाली जोडलेल्या हातांची रांग. दोनदा गप्प बसले. तिसऱ्यांदा मावशीने "बघ गं, तुझ्यासाठीच लिहिलंय" म्हणून पाठवली, तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

मी बी.एड. दुसरं वर्ष. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, त्यात वीस आठवडे आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचं. तंत्रज्ञानाचा वेगळा विषयही आहे. त्यात आम्ही काय केलं? इनपुट आणि आउटपुट साधनांतले फरक लिहिले. फाइलमध्ये समास आखून माउसचं चित्र काढलं, पेन्सिलीने, शेपटीसकट. कॉलेजात प्रोजेक्टर एक, तो कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत.

मग आला सराव पाठ, म्हणजे शाळेतल्या वर्गावर आम्ही शिकवायचं आणि कॉलेजच्या सरांनी गुण द्यायचे. सहावी, भूगोल, अक्षवृत्तं-रेखावृत्तं. रात्री दोनपर्यंत जागून अठरा स्लाइड केल्या. शाळेच्या प्रोजेक्टरला जुनी निळी व्हीजीए पिन, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली बारा तिथेच गेली. शेवटी तिसऱ्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, "बाई, हापिसातल्या टीव्हीला बसंल तुमची वायर." वर्ग उचलून ऑफिसात नेला. गूगल अर्थ उघडलं, पृथ्वी गरगर फिरवली आणि थेट गावावर आणली. "आमचा गोठा! बाई, आमचा गोठा!" "तो पत्रा तुमचा न्हाई, आमचाय." पुढचा सगळा वेळ बेचाळीस पोरांची घरं शोधण्यात. विषुववृत्त राहिलं तिकडे, घंटा झाली.

निरीक्षणाचा शेरा: "आयसीटीचा प्रभावी वापर. छान." आयसीटी म्हणजे हेच तंत्रज्ञान. दहापैकी नऊ. सर मागच्या बाकावर बसून दुसऱ्या मुलीच्या पाठाचं टाचण तपासत होते.

पुढच्या आठवड्यात तोच घटक दुसऱ्या तुकडीला. या वेळी दोन मिनिटं पृथ्वी दाखवली, टीव्ही बंद केला आणि पिशवीतून संत्रं काढलं. स्केचपेनने आडव्या रेघा मारल्या, मग सोललं. फोडी वर-खाली एका ठिकाणी मिळतात, आडव्या रेघा मात्र एकमेकींना भेटतच नाहीत, हे मी सांगायच्या आधी एका मुलीने सांगितलं. शेरा: "साधनांत विविधता हवी." सहा गुण.

मला शिकायचंय ते एवढंच: पडदा लावायचा कधी आणि बंद करायचा कधी. ते कॉलेजात कुणी शिकवत नाही, आणि त्या पोस्टीतही त्याबद्दल चकार शब्द नाही. बोला आता.

आबा_गुरुजी

ती पोस्ट माझी नव्हे. पण मी लिहिली असती तर अशीच लिहिली असती, हे आधी सांगून टाकतो.

ताई, तुमचा पाठ कशाने झाला? संत्र्याने. मग भांडण कुणाशी आहे? पुण्यात १९८४ साली शाळांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाही हेच ऐकलं होतं की आता गुरुजींची गरज उरणार नाही. आमच्या शाळेला टीव्ही आला. लोखंडी पेटी, पेटीला कुलूप. कार्यक्रमाच्या वेळी वीज नाही, वीज आली की कार्यक्रम संपलेला. पुढे त्या पेटीवर आम्ही हजेरीपटांचे गठ्ठे ठेवत असू. २०१७ साली बालचित्रवाणीच बंद झाली. खडू अजून चालू आहे.

आमच्या वेळी सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात, फलकलेखनाचं कौशल्य पक्कं झाल्याशिवाय वर्गात सोडत नसत. फळ्याचा उजवा कोपरा कशाला राखायचा, हे आजच्या दहा छात्राध्यापकांना, म्हणजे बी.एड.च्या पोरांना, विचारा. दोघांना आलं तरी मी मिशी उतरवीन.

खिडकीजवळचा_बाक

गुरुजी, आदर राखून बोलतो, पण हे चष्मा न पुसता जगाला धुरकट म्हणण्यासारखं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो फळ्याच्या कोपऱ्यासाठी नव्हे. दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालायची कल्पना त्यांनी खेड्यात बसून राबवली, आज बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आहेत. कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य दाखवणारं दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. माझी मुलगी पाचवीत, पुस्तकातला कोड स्वतः स्कॅन करते. तिच्या बाईंना मात्र तो कशाचा ठिपका आहे हे माहीत नाही. मग वाटतं, यांना बी.एड.मध्ये शिकवतात तरी काय?

विनाअनुदानित

आले पुण्याचे. दर वेळी एकच नाव पुढं करायचं आणि बाकीच्या लाखभर शाळांना हाणायचं. अहो, त्या सरांचं कौतुक आम्हालाबी हाय. पण कोड स्कॅन करायला पोराच्या हातात फोन लागतो. आमच्याकडं फोन बापाच्या खिशात, बाप ऊसतोडीला. कोरोनात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत होते ना? माझ्या वर्गातल्या एकतीस पोरांत फोन होते नऊ, त्यातल्या चारांत नेटपॅक. मी सह्याद्रीवरची 'टिलीमिली' दाखवायला चार घरं गोळा करून एका टीव्हीसमोर बसायचो. तो कार्यक्रम चांगला होता, हे बी सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता रडतो.

आणि तंत्रज्ञान आम्हाला येत नाही असं कोण म्हणतंय? यू-डायसवर शाळेची माहिती भरतो, आधार जुळवतो, पोरांचे अपार नंबर काढतो, खिचडी किती पोरांनी खाल्ली ते रोज ॲपवर टाकतो. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं की रेंज येते. परवा खिचडीचा आकडा टाकायला वर गेलो आणि खाली चौथीचा वर्ग सुटून ओढ्याला गेला. शाळेला अनुदान वीस टक्के, म्हणून पगारबी वीस टक्क्यांवर. त्यात सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेत त्यांनी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा. मी अठ्ठेचाळीसचा. तुम्ही पुण्यात बसून कोड स्कॅन करा.

खिडकीजवळचा_बाक

टीईटीचा इथे काय संबंध? धागा कशावर आहे?

विनाअनुदानित

संबंध नसंल तुमचा. आमचा हाय.

देठाचा_श

अवांतर होईल, पण राहवत नाही. ताई, त्या अठरा स्लाइड कोणत्या फॉन्टमध्ये केल्या होत्या?

मी दुसरीला शिकवते. मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या छात्राध्यापिकेने सुंदर स्लाइड केल्या होत्या. चित्र आणि खाली शब्द. 'शाल' आली आणि वर्ग गप्प. एक मुलगा पुढे आला, पडद्याला बोट लावलं आणि म्हणाला, "बाई, हा ल चुकलाय. पाकळी कुठंय?" कॉम्प्युटरमध्ये आपोआप येणाऱ्या मंगल फॉन्टमध्ये ल आणि श दोन्ही हिंदी वळणाचे. राज्य सरकारने २००९ साली शासन निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. पुस्तकात तोच, फळ्यावर तोच, पाटीवर तोच. पडद्यावर मात्र काठीचा ल. पोराने कशावर विश्वास ठेवायचा? हे बी.एड.ला शिकवतात का? नाही.

(इथे दोन्ही ल लिहून दाखवले असते, पण तुमच्या मोबाइलवर कुठला दिसेल ते तुमचा मोबाइल ठरवणार. म्हणजे उदाहरण द्यायचीसुद्धा सोय नाही.)

पाठ_नंबर_अकरा

मंगलच होता. हे कधी डोक्यातच आलं नाही. सहावीची मुलं काही बोलली नाहीत.

खिडकीजवळचा_बाक

कैच्या कै. युनिकोडात, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ल एकच आहे, त्याला पाकळी लावायची की काठी हे फॉन्ट ठरवतो. मुलं दुकानाच्या पाट्यांवर, मोबाइलवर, बिस्किटाच्या पुड्यावर दोन्ही ल रोज बघतात आणि वाचतात. पाकळीने शिक्षण अडलंय असं मानायचं असेल तर आनंद आहे.

देठाचा_श

तुम्ही वाचता. सात वर्षांचं पोर अजून अक्षर जुळवतंय. त्याच्यासाठी ल म्हणजे जसा गिरवला तसाच. तुमच्या लेकीला पहिलीत गिरवायला बसवलं होतंत का कधी, की तेही ॲपवर?

खिडकीजवळचा_बाक

वैयक्तिक होऊ नका.

आबा_गुरुजी

बाईंशी शंभर टक्के सहमत. फळ्यावर ल मी काढतो तेव्हा तो मराठीच निघतो, फॉन्ट बसवावा लागत नाही.

देठाचा_श

गुरुजी, मला तुमच्या बाजूला ओढू नका. मी स्लाइड वापरते. फॉन्ट बदलून वापरते. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो, त्यात पाकळी आहे, देठ आहे. फक्त शाळेच्या कॉम्प्युटरवर तो नसेल तर पुन्हा मंगल हजर. म्हणून पीडीएफ करून न्यायचं, फॉन्ट आत बसतो. ॲनिमेशन जातं, जाऊ दे. नाहीतरी गोल गोल फिरत येणाऱ्या 'स्वागत'ची गरज कुणाला आहे?

विनाअनुदानित

धन्य. पाकळी दिसली, देठ दिसला. आमच्या शाळेचं बिल थकलं म्हणून वीज तोडली होती, तो अंधार कुणाला दिसला नाही. लोकवर्गणीतून घेतलेला एलईडी टीव्ही सात महिने गोधडीत गुंडाळून सरपंचाच्या घरी होता. त्यावर सरपंचाच्या नातवानं क्रिकेट बघितलं, तेवढाच त्याचा वापर.

निरीक्षक_क्रमांक_दोन

मी बी.एड. कॉलेजात शिकवतो. धागाकर्तीचं कॉलेज आमचं नसावं अशी आशा आहे, पण कपाटाची किल्ली वाचून शंका आली.

निरीक्षकांच्या शेऱ्यांची टर उडवलीत, म्हणून आमचीही ऐका. एका तासिकेला माझ्याकडे तीन वर्ग. पहिल्यात पाठाची प्रस्तावना बघायची, दुसऱ्यात पळत जाऊन विकसन म्हणजे मधला भाग, तिसऱ्यात मूल्यमापन. तिघांचे पाठ मिळून माझा एक पाठ पूर्ण होतो. निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे, 'तंत्रज्ञान वेळेवर बंद केले' असा नाही. पडदा लागलेला दिसला की मी टिक करतो. करतो, कबूल.

फॉन्टचं तर बोलूच नका. आमचा टाचणाचा छापील नमुना अजून जुन्या डीटीपी फॉन्टात आहे. युनिकोड नाही. आत खरं तर रोमन अक्षरंच असतात, त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे कंस, आकडे आणि टिंबांची भेळ दिसते. मागच्या बॅचच्या एका विद्यार्थ्याचा सगळा पाठ वर्गात असा भेळ होऊन उघडला. मुलं हसली. त्याने स्लाइड बंद केली, पुस्तक उघडलं आणि पुढचा अर्धा तास नुसतं वाचून दाखवलं. घाम पुसत. त्याला फळा आठवलाच नाही. हे गुरुजींच्या बाजूने जातंय, माहीत आहे. जाऊ दे.

आबा_गुरुजी

मी काही बोललो नाही.

खिडकीजवळचा_बाक

बोलून झाल्यावर गप्प बसण्याला दंडवत. पण सर, रकाना तुम्हीच बदलू शकता ना? की त्यालाही शासन निर्णय लागतो?

निरीक्षक_क्रमांक_दोन

विद्यापीठाचा तक्ता आहे. शेरा मात्र माझा असतो. तेवढं करता येईल.

देठाचा_श

शेरा युनिकोडमध्ये लिहा.

निरीक्षक_क्रमांक_दोन

हाताने लिहितो, बाई. पाकळी काढतो. देठही.

आबा_गुरुजी

एक विचारू का? नातू अमेरिकेत आहे. त्याला मराठी मुळाक्षरं पाठवायची तर फोटो काढून पाठवतो, ते वाकडे येतात. तो यशोमुद्रा माझ्या कॉम्प्युटरवर कसा बसवायचा? इथे टर उडवणार असाल तर उत्तर देऊ नका.

देठाचा_श

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते गुरुजी. पाच मिनिटांचं काम आहे. आणि फळ्याचा उजवा कोपरा वर्ग, विषय, पट आणि हजर संख्येसाठी. मला येतं. मिशीचं बघा.

आबा_गुरुजी

एक झालं. अजून नऊ जण यायचेत.

पाठ_नंबर_अकरा

मी विचारलं काय आणि धागा गेला कुठे. मावशीला लिंक पाठवलीय, तिने फक्त "ल खरंच वेगळा आहे की गं" एवढंच कळवलं.

गुरुवारी पाठ नंबर बारा. घटक भरती-ओहोटी, त्याला संत्रं चालणार नाही. चंद्राचा एक छोटा व्हिडिओ दाखवीन, दीड मिनिटाचा, आवाज बंद करून, म्हणजे बोलायचं मला. मग बादली आणि फळा. व्हीजीएचा कन्व्हर्टर घेतलाय, तीनशे रुपये, स्वतःचे. निरीक्षक तेच आहेत. या वेळीही सहा मिळाले तर हा सगळा धागा टाचणाच्या मागे जोडून देणार आहे.

विनाअनुदानित

द्या जोडून. फक्त पीडीएफ करून द्या.